सांगलीत नवीन आलात? आधी ‘हे कुणाकडं?’ ते शिकून घ्या

२००४ च्या उन्हाळ्यात नवऱ्याच्या बदलीमुळं आम्ही सांगलीत आलो. मारुती चौकाच्या मागं एका जुन्या घराची खालची खोली भाड्यानं मिळाली. एवढ्या मोक्याच्या जागी भाडं इतकं कमी कसं, हे विचारायचं सुचलं नाही. ते पुढच्या वर्षी पावसाळ्यात कळलं. घरमालकीण काकूंनी सकाळी सकाळी दार वाजवलं. ‘गॅसची टाकी माडीवर घ्या, तांदळाचं पोतं घ्या, कागदपत्रं घ्या. बाकीचं राहू द्या,’ म्हणाल्या. मी म्हटलं, अजून रस्त्यावर तर पाणी नाही. ‘आयर्विनला आकडा किती झालाय बघितलास का?’ काकू म्हणाल्या. आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा पूल, मला हेच धड ठाऊक नव्हतं.

आता आम्ही विश्रामबागेत राहतो. दर जूनला आमच्या इमारतीत एखादं नवं बिऱ्हाड येतं. कुणी वालचंद कॉलेजात मुलाच्या शिक्षणासाठी, कुणी कुपवाडच्या एमआयडीसीत नोकरीला, कुणी मिरजेच्या दवाखान्यांत कामाला. दिवे लागत नाहीत, कुत्री मागं लागतात, गटार तुंबलंय, कुणाला सांगायचं, असं सगळे विचारतात. दरवेळी तोंडी सांगून कंटाळा आला, म्हणून हे लिहून काढलं.

पायरी १ : आपण नेमके कुठल्या हद्दीत राहतो ते बघा

सांगली, मिरज आणि कुपवाड या तिन्ही गावांची मिळून ९ फेब्रुवारी १९९८ ला एक महापालिका झाली. त्याआधी तिघांचे कारभार वेगळे होते. मिरजकर अजूनही ‘सांगलीला जाऊन येतो’ असंच म्हणतात. पण सांगलीत राहतो असं सांगणारा प्रत्येक जण महापालिकेत राहत असेल असं नाही. माधवनगर, बुधगाव, हरिपूर ही गावं शहराला अगदी चिकटलेली. रिक्षात बसून जाताना हद्द कुठं संपली ते कळत नाही. तरी तिथं ग्रामपंचायत आहे. तिथल्या दिव्यासाठी महापालिकेत अर्ज दिलात तर तो वाया जाणार. ग्रामपंचायतीत राहत असाल तर तुमची जागा ग्रामसभा. ती वर्षातून किमान चार वेळा घ्यावीच लागते, आणि तिथं मतदार म्हणून उभं राहून थेट बोलता येतं. शहरवाल्यांना ही सोय नाही, आम्हाला त्याचा थोडा हेवा वाटतो.

हद्द ओळखायची सोपी खूण म्हणजे घरपट्टीची पावती. भाडेकरू असाल तर मालकाकडून तिची झेरॉक्स मागून घ्या. मालमत्ता क्रमांक तिच्यावरच मिळेल. तो आणि आपला प्रभाग क्रमांक मोबाइलमध्ये लिहून ठेवा, पुढं प्रत्येक अर्जात लागतो.

महापालिकेत २० प्रभाग आणि ७८ नगरसेवक. बहुतेक प्रभागांत चार-चार नगरसेवक आहेत, अ, ब, क, ड अशा जागांवर निवडून आलेले. त्यामुळं ‘आमचा नगरसेवक’ असा एकच माणूस इथं नसतो. याचा फायदा आहे तसा तोटाही. चौघं असले की काम चौघांचं, म्हणजे कधी कधी कुणाचंच नाही. माझा उपाय साधा आहे. निवेदनाच्या वर चौघांचीही नावं लिहायची आणि चौघांनाही प्रत द्यायची. कुणाचं नाव आधी लिहायचं यावरून रुसवेफुगवे होतात, म्हणून अ-ब-क-ड याच क्रमानं लिहा.

आणि मतदार यादीत नाव इथं आणा. पहिल्यांदा नोंदणी असेल तर नमुना ६, दुसऱ्या गावातून बदलून आणायचं असेल तर नमुना ८. महापालिकेची मतदार यादी विधानसभेच्या यादीवरूनच करतात. गावाकडच्या यादीत नाव ठेवून इथल्या रस्त्याबद्दल तावातावानं बोलणारे मी पुष्कळ पाहिलेत.

पायरी २ : ‘हे कुणाकडं?’

विश्रामबागेत आल्यावर आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक अंधारं वळण होतं. रात्रपाळीच्या नर्सबाया तिथून जीव मुठीत धरून यायच्या. मी हिरिरीनं एक लांबलचक अर्ज लिहिला. दिवा लावा, गतिरोधक करा, वळणावर एकेरी वाहतूक करा, झुकलेला खांब सरळ करा, पोलिसांची गस्त वाढवा. पाच मागण्या, एक कागद, खाली तीस सह्या. महापालिकेत दिला. तिथल्या एका वयस्कर कारकुनानं चष्मा कपाळावर चढवून तो वाचला. ‘ताई, ह्यातलं आमच्याकडचं एकच हाय, दिवा. बाकीचं चार ठिकाणी जाणार. आन् कागद तर एकच आणलाय तुमी.’

चूक माझीच होती. त्या दिवशी जे शिकले ते असं.

रस्त्यावरचा दिवा लावणं आणि चालू ठेवणं महापालिकेचं काम. पण खांब झुकलाय, तार लोंबकळतेय, डीपी उघडी आहे, वीज गेलीय, हे महावितरणचं. त्यांचा क्रमांक १९१२. एकेरी वाहतूक, जड वाहनांना बंदी, पार्किंगची सम-विषम तारीख यांचे आदेश पोलीस आणि जिल्हा प्रशासनाकडून निघतात. महापालिका फार तर शिफारस करते आणि फलक लावते. गतिरोधकासाठी रस्ता कुणाच्या मालकीचा ते आधी बघावं लागतं. शहरातले काही मोठे रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाचे आहेत, त्यावर महापालिकेला हात लावता येत नाही. कुपवाडला एमआयडीसीच्या आवारात राहत असाल किंवा काम करत असाल तर तिथल्या रस्त्यापाण्याचं आधी एमआयडीसीच्या कार्यालयात विचारा.

पोलीस महापालिकेच्या अखत्यारीत येत नाहीत. सांगलीला पोलीस आयुक्तालय नाही, जिल्हा पोलीस अधीक्षक आहेत. तेव्हा गस्त, छेडछाड, चोऱ्या यांसाठी अर्ज आपल्या पोलीस ठाण्यात द्यायचा आणि तातडीला ११२ लावायचा. आग लागली तर १०१, ते मात्र महापालिकेचं अग्निशमन दल. चौकातले सीसीटीव्ही कॅमेरे हा आणखी वेगळा गुंता. पैसे बहुतेक वेळा जिल्हा नियोजन समितीतून येतात, बघतात पोलीस, आणि बंद पडला की सगळे एकमेकांकडं बोट दाखवतात. कॅमेरा मागायचा असेल तर देखभाल कोण करणार हेही त्याच अर्जात विचारा.

नदी आणि धरणं पाटबंधारे विभागाकडं. नदीकाठचा कचरा मात्र महापालिकेकडं. शहराचं सांडपाणी वाहून आणणाऱ्या शेरीनाल्याचं पाणी कृष्णेत मिसळतं तो विषय एकाच वेळी महापालिकेचा, प्रदूषण नियंत्रण मंडळाचा आणि राज्य सरकारचा. त्यामुळंच तो माझ्या लग्नापासून चालू आहे आणि बहुधा माझ्या नातवंडांनाही पुरेल.

म्हणून एका अर्जात एकच मागणी. पाच मागण्या असतील तर पाच अर्ज लिहा. कंटाळवाणं आहे, पण एकच कागद पाच टेबलांवर फिरायला लागला की तो कुठल्याच टेबलावर सापडत नाही.

पायरी ३ : अर्ज, आणि त्याहून महत्त्वाची पोच

अर्ज साध्या मराठीत, एका पानात. ठिकाण अचूक हवं. ‘आमच्या गल्लीत’ असं लिहू नका, ‘अमुक शाळेच्या मागच्या बाजूला, अमुक दुकानासमोरचा दुसरा खांब’ असं लिहा. खांबावर क्रमांक रंगवलेला असेल तर तोच द्या. फोटो जोडा. आणि मागणी कायद्यातल्या कर्तव्याशी जोडा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्यं दिलेली आहेत. रस्त्यावरचे दिवे, गटारं, पाणीपुरवठा, आग विझवणं, धोकादायक इमारतींचा बंदोबस्त ही त्यात येतात. कलम ६६ मधली कर्तव्यं ऐच्छिक. निधी नाही हे उत्तर ऐच्छिक कामांना शोभतं. दिव्याच्या अर्जात ‘कलम ६३ अन्वये’ एवढे दोन शब्द घातले की अर्जाची बैठक बदलते, हा माझा अनुभव.

दोन प्रती न्या. एक द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. ही पोच. आवक क्रमांक नसलेला अर्ज म्हणजे गप्पा. मिरज आणि कुपवाडच्या लोकांनी प्रत्येक वेळी सांगलीच्या मुख्यालयात यायची गरज नाही. महापालिकेच्या चार प्रभाग समित्या आहेत, रोजच्या तक्रारी तिथल्या कार्यालयात चालतात. दाखले, नोंदी अशा अधिसूचित सेवांसाठी २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, त्यात दिवसांची मुदत ठरलेली असते आणि ती उलटली तर अपील करता येतं. ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून हे अर्ज घरबसल्या होतात.

पायरी ४ : पूर (जूनच्या तोंडावर आला असाल तर आधी हीच वाचा)

आयर्विन पूल १९२९ चा. तो नुसता पूल नाही, सांगलीची पट्टी आहे. त्याच्या खांबापाशी पाण्याची पातळी फुटात मोजतात. ४० फूट म्हणजे इशारा पातळी, ४५ फूट म्हणजे धोका पातळी. २००५ ला पाणी ५३ फुटांच्या वर गेलं. २०१९ ला ५७ च्या वर. २०२१ ला पुन्हा ५४ च्या वर. दोन वर्षांत दोनदा घर धुतलेल्या माणसांना तुम्ही हवामानाच्या गप्पा सांगायला जाऊ नका.

आता यातली खरी गोष्ट. शहराचा आकडा ४० किंवा ४५ असेल, पण प्रत्येक घराचा आकडा वेगळा असतो. सांगलीकराला तो पाठ असतो. ‘तुमच्या दारात किती फुटाला येतं?’ हा इथं अगदी सरळ प्रश्न आहे, जसा दुसऱ्या गावात ‘पाणी किती वाजता येतं?’ असा असतो. घर भाड्यानं घेताना एजंटाला विचारू नका. शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारा, समोरच्या आजींना विचारा. जुन्या भिंतीवर २०१९ ची रेघ अजून दिसत असेल तर तिच्याशेजारी उभं राहून बघा, कमरेला लागते की डोक्यावरून जाते. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रस्ता या नदीकडच्या वस्त्यांत पाणी आधी शिरतं. विश्रामबागेची बाजू उंचावर आहे. शामरावनगरचं प्रकरण निराळं. तिथं नदी न येताही नुसत्या पावसाचं पाणी तुंबतं.

घर विकत घेणार असाल तर पूररेषा बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, निळ्या आणि लाल रेषेच्या मधे अटी घालून परवानगी. नगररचना विभागातून त्या सर्व्हे नंबरचा झोन दाखला आणि पूररेषेची स्थिती लेखी मागा. बिल्डर ‘१०० वर्षांतून एकदा’ असं हसत सांगेल. तुम्ही वरची तीन सालं त्याच्यासमोर मांडा.

आकडा वाढायला लागला की निर्णय कोण घेतं? आकाशातला पाऊस सोडला तर तीन गोष्टी बघायच्या. कोयना धरण भरत आलंय का आणि तिथून विसर्ग किती क्युसेकनं (म्हणजे सेकंदाला किती घनफूट) सोडलाय. चांदोली धरणातून वारणेत किती सोडलंय, कारण वारणा हरिपूरला कृष्णेला मिळते आणि वारणा फुगली की सांगलीचं पाणी पुढं सरकत नाही. आणि खाली कर्नाटकात अलमट्टी धरणातून किती पुढं जातंय. कोयनेची साठवण १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे, हा आकडा इथल्या शाळकरी पोरालाही येतो. कोयनेचं पाणी सोडल्या सोडल्या सांगलीत येत नाही, वाटेत वेळ लागतो. तोच वेळ तुमच्या हातात असतो. विसर्गाचे निर्णय पाटबंधारे विभागाचे. जिल्ह्याचा समन्वय जिल्हाधिकाऱ्यांकडं, कारण २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं जिल्हा प्राधिकरणाचे ते अध्यक्ष असतात. शहरातल्या वस्त्या रिकाम्या करणं, निवारा केंद्रं उघडणं, टँकर, औषध फवारणी हे महापालिका आयुक्तांकडं. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७. व्हॉट्सॲपवर रात्री दोन वाजता ‘कोयनेचे दरवाजे बारा फुटांवर’ असा मेसेज आला तर तो पुढं ढकलण्याआधी तिथं फोन करा.

स्थलांतराची सूचना आली की निघायचं. ‘अजून पायरीला लागलं नाही’ म्हणून थांबायचं नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि कितीतरी जीव गेले. शेवटच्या क्षणी बोटीवर गर्दी होते. चालत बाहेर पडता येतंय तोवर पडलेलं बरं. निवारा केंद्र बहुधा महापालिकेच्या शाळेत असतं. आपलं कुठलं, तिथं म्हाताऱ्या माणसाला चढता येतं का, हे मे महिन्यातच बघून ठेवा. पिण्याचं पाणी भरून ठेवा. गंमत अशी की सगळीकडं पाणी असतं आणि नळ कोरडे असतात, कारण नदीतून पाणी उचलणारी जॅकवेल आणि पंप पुरात बंद ठेवावे लागतात.

पाणी ओसरल्यावर घर धुवायची घाई होते, वासच तसा असतो. पण धुण्याआधी फोटो काढा. भिंतीवरची चिखलाची रेघ, खराब झालेलं धान्य, फ्रिज, गाद्या, सगळं. पंचनामा होतो, त्यावर मदत अवलंबून असते. भाडेकरूंची इथंच पंचाईत होते. घर मालकाच्या नावावर, सामान तुमचं, आणि तुम्ही तिथं राहत होता याचा कागद नाही. भाडेकरार, तुमच्या नावाचं बँक पासबुक, आधारवरचा पत्ता, हे सगळं आधीच जुळवून ठेवा. २००५ ला आमच्याकडं यातलं काही नव्हतं. काकूंनी साक्ष दिली म्हणून निभावलं.

पायरी ५ : निर्णय कुठल्या खोलीत होतो

एवढं झालं की मग सभेकडं वळा. महापालिकेत निर्णयाच्या मुख्य जागा तीन. महासभा म्हणजे सगळे नगरसेवक, अध्यक्षस्थानी महापौर. धोरण, कर, जमिनींच्या आरक्षणाचे बदल, नामकरण, मोठे प्रकल्प तिथं. स्थायी समिती १६ जणांची, निविदा आणि खर्चाचे विषय तिच्याकडं, म्हणून सगळ्यांचा जीव तिच्यात. आणि आयुक्त, ज्यांच्या सहीशिवाय यातलं काहीच जमिनीवर उतरत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये आधीच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढं बराच काळ प्रशासकांचा कारभार होता. तेव्हा तिन्ही जागा एकाच टेबलावर आल्या होत्या. काही कामं भराभर झाली, हे मान्य. पण विचारायला कुणी नव्हतं, हेही तितकंच खरं.

कायद्यानं महासभा दर महिन्याला किमान एक, तीही २० तारखेच्या आत व्हायला हवी. सभेची सूचना आठवडाभर आधी निघते, सोबत विषयपत्रिका असते. ती मागून घ्या. पहिल्यांदा वाचाल तर भाषा बघून घाबराल. थोडा शब्दकोश सांगते.

‘अवलोकन व निर्णय’ म्हणजे विषय चर्चेला आलाय, काहीही होऊ शकतं. ‘कार्योत्तर मंजुरी’ म्हणजे काम होऊन गेलंय, पैसेही बहुधा ठरलेत, आता सभेची मोहोर हवी. हा शब्द दिसला की पेन्सिलीनं गोल करा. ‘उपसूचनेसह मंजूर’ म्हणजे मूळ विषयात ऐनवेळी काहीतरी जोडलंय, आणि ते काय जोडलंय हे इतिवृत्त हातात आल्याशिवाय कळत नाही. ‘स्थगित’ म्हणजे पुढच्या सभेला, किंवा कधीच नाही. आणि शेवटी ‘आयत्या वेळचे विषय’. ते छापील पत्रिकेत नसतात, सभा संपत आली, निम्मे लोक चहाला गेले, की येतात. माझ्या मते नागरिकांनी सभेला जायचंच असेल तर शेवटचा अर्धा तास चुकवू नये.

सभा लोकांना खुली असते, बहुमतानं एखादा विषय बंद दाराआड घ्यायचं ठरवलं तर गोष्ट वेगळी. सज्जात बसायचं, मोबाइल गप्प ठेवायचा, मधे बोलायचं नाही. तुमचं म्हणणं सभेत यावं असं वाटत असेल तर ते सभेच्या चार-पाच दिवस आधी नगरसेवकाच्या हातात एका पानावर पोचलं पाहिजे. सभेच्या सकाळी दारात गाठून सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चमध्ये येतं. आयुक्त ते स्थायीपुढं ठेवतात, तिथून वाढूनच ते महासभेत जातं. तुमच्या भागातलं गटार किंवा दिव्यांची ओळ त्यात नसेल तर वर्षभर ‘तरतूद नाही’ हे उत्तर ऐकायची तयारी ठेवा. म्हणून मागणीचा हंगाम दिवाळीनंतरचा. जूनमध्ये तुंबलं म्हणून जुलैत आरडाओरडा करून तात्पुरता जेसीबी येतो, कायमचं काम अंदाजपत्रकातूनच होतं.

शहर विकास आराखड्यातल्या एखाद्या आरक्षणात फेरबदल करायचा असेल, समजा खेळाच्या मैदानाचं दुसरं काही करायचं, तर नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली आधी जाहीर नोटीस देऊन हरकती-सूचनांसाठी एक महिना द्यावा लागतो. नोटीस वर्तमानपत्रात आतल्या पानावर, बारीक टायपात येते. आमच्या इमारतीत एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत, ते रोज फक्त जाहीर नोटिसा वाचतात. असा एक माणूस प्रत्येक गल्लीत हवा.

पायरी ६ : ठराव झाला, पुढं काय

पेढे वाटू नका. ठराव मंजूर होणं म्हणजे काम होणं नव्हे. त्यानंतर तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मग काम, मग मोजमाप पुस्तकात नोंद, मग बिल. यातल्या कुठल्याही टप्प्यावर फाइल झोपू शकते. शिवाय बेकायदा किंवा लोकहिताविरुद्ध वाटला तर राज्य सरकार महापालिका अधिनियमाच्या कलम ४५१ खाली ठराव निलंबित करू शकतं, रद्दही करू शकतं.

म्हणून ठराव क्रमांक आणि तारीख मिळवा. ‘आमच्या रस्त्याचं काय झालं?’ या प्रश्नाला ‘चालू आहे’ एवढंच उत्तर मिळतं. ‘अमुक तारखेच्या सभेतला ठराव क्रमांक अमुक, त्याचा कार्यारंभ आदेश निघाला का?’ असं विचारलं की समोरच्याला फाइल काढावी लागते.

तरीही उत्तर मिळालं नाही तर माहितीचा अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एका अर्जात एकच विषय, महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणं १५० शब्दांच्या आत. ३० दिवसांत उत्तर. ‘का केलं नाही’ असं विचारू नका, कारण माहिती म्हणजे कागद, कारणमीमांसा नव्हे. ठरावाची प्रत, अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, काम पूर्ण झाल्याचा दाखला आणि दोषदायित्व कालावधी किती, हे मागा. शेवटचं फार कामाचं. त्या कालावधीत रस्ता उखडला तर ठेकेदारानं स्वतःच्या पैशानं दुरुस्त करायचा असतो, आणि हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. कागद मोठे असतील तर प्रती मागण्याऐवजी अभिलेख पाहणी मागा, पहिल्या तासाला शुल्क नाही. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडं, त्यानंतर ९० दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडं.

पायरी ७ : कुत्री आणि जुने वाडे

भटक्या कुत्र्यांबद्दल सगळ्यात जास्त विचारतात, म्हणून थोडक्यात. महापालिकेनं कुत्री उचलून कुठंतरी लांब सोडावीत ही मागणी कायद्यात बसत नाही. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणं निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्रं जिथून उचललं तिथंच परत सोडायचं असतं. शाळा, दवाखाने, बसस्थानक, रेल्वे स्टेशन यांच्या आवारातली कुत्री मात्र हलवायची आणि तिथं परत सोडायची नाहीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. तेव्हा अर्जात ‘कुत्र्यांचा बंदोबस्त करा’ असं मोघम न लिहिता नेमकं लिहा. निर्बीजीकरण मागताय, पिसाळलेलं कुत्रं कळवताय की शाळेच्या आवाराबद्दल म्हणताय? चावलं तर अर्ज नंतर. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि सांगलीचं सिव्हिल किंवा मिरजेचं शासकीय रुग्णालय गाठा. लस तिथं मिळते.

गावभाग, खणभाग किंवा मिरजेच्या ब्राह्मणपुरीत जुन्या वाड्यात खोली घेत असाल तर वाड्याला धोकादायक इमारतीची नोटीस लागलीय का ते विचारा. पावसाळ्याआधी महापालिका त्याच अधिनियमाच्या कलम २६४ खाली अशा नोटिसा देते. नोटीस मालकाच्या नावावर येते आणि कधी कधी मालकाच्याच कपाटात राहते. मालक-भाडेकरूंचा वाद असला तर दोन्ही बाजू आपापला अर्थ लावतात. मालक म्हणतो पडायला आलाय, जुना भाडेकरू म्हणतो पन्नास वर्षं असाच आहे. तुम्ही नवे, तुम्हाला या भांडणात पडायचं कारण नाही. प्रभाग कार्यालयात वाड्याचा मालमत्ता क्रमांक सांगून यादीत नाव आहे का ते बघा, आणि असेल तर स्वस्त भाड्याला भुलू नका.